पेज, पोई आणि इन्सुलिनचा हिशेब

ताटातली कर्बोदकं मोजून इन्सुलिनचा डोस ठरवायची ही रीत फक्त जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिनचा ठरलेला डोस असेल, तर ही रीत तुमची नव्हे. किती ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट, हा आकडा डॉक्टरांनीच दिलेला हवा. माझा दुपारचा १२ ग्रॅमला १ आहे. तो उचलू नका, माझा स्वतःचा सकाळचासुद्धा वेगळा आहे. आणि बाटली ४० ची (एका मिलीलिटरला ४० युनिट), सिरिंज १०० ची असली तर सगळाच हिशेब चुकला.

आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर सुई बाजूला ठेवा, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा.

मग ताट. हुमणातल्या (गोव्याकडच्या माशाच्या आमटीतल्या) मासळीत कर्बोदकं नाहीत, नारळाच्या रसात किरकोळ. पोई म्हणजे गोव्याचा पोकळ पाव. तिचं वजन करून निम्मी कर्बोदकं धरा: ६० ग्रॅमची पोई म्हणजे साधारण ३० ग्रॅम. पोकळ असल्याने ती डोळ्यांना फसवते आणि पोदेर (पाववाला) बदलला की वजनही बदलतं.

खरी गोची भाताची. 'एक वाटी भात म्हणजे इतके ग्रॅम' असं सांगणाऱ्याला विचारा, कुठली वाटी? मी कित्येक वर्षं वाटीवरच चालवलं. मग एका गणेशचवथीला फोंड्याला बहिणीकडे जेवलो. तिची वाटी लहान, भात सैल वाढलेला. सुई मात्र मी घरच्या वाटीची घेतली. दीड तासाने घुमट या वाद्याच्या तालावरची आरती रंगात आली आणि माझे हात कापायला लागले, सदरा भिजला. बहीण म्हणाली, "दादा, पंखा लावू?" मीटरवर ५४ होते.

तेव्हापासून वाटी बंद, काटा सुरू. कच्चे तांदूळ मोजा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे २५० ग्रॅममध्ये १९५. भात शिजल्यावर टोपासकट वजन करून रिकाम्या टोपाचं वजा करा. माझा ७५० ग्रॅम भरला, म्हणजे १०० ग्रॅम भातात २६. ताटात १८० ग्रॅम वाढला तर ४७ ग्रॅम. भागिले १२, चार युनिट. तेच तांदूळ, तेवढंच पाणी ठेवून तीन-चारदा करा. आकडा स्थिर झाला की पुढे फक्त ताटातला भात मोजायचा.

पेजेला ही रीत चालत नाही, पाणी दर वेळी वेगळं. तिथे कच्चे तांदूळ मोजून भांड्यांत विभागा: ६० ग्रॅमची पेज ढवळून दोघांना सारखी वाढली तर प्रत्येकी २३. 'पेज म्हणजे पाणीच' आणि 'उकड्या तांदळाने साखर वाढत नाही', हे ऐकून कान किटले. हळू चढत असेल, पण ग्रॅम जवळपास तेवढेच.

सुई साधारण १५ मिनिटं आधी. पाहुणे म्हणून गेलात तर ताट समोर आल्यावरच. 'बसा, वाढतेच' म्हटल्यावर किती वेळ जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन तासांनी तपासा आणि वहीत लिहा. २२० दिसले म्हणून लगेच दुसरी सुई टोचू नका. जलद इन्सुलिनचा अंमल चारेक तास असतो, पहिलं अजून अंगात काम करतंय. त्या घाईपायी माझी एक अख्खी रात्र ओट्याशी उभ्याने, ग्लुकोजचं पाकीट हातात धरून गेली.