सरकीचं कच्चं तेल लॅबमध्ये रिफाइन करताय? या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की नवीन पोट्टे येतात आणि त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जुन्या वहीतला एफएफए (तेलातलं मोकळं फॅटी ॲसिड) धरून कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ओतणं. तेल पडून राहिलं की एफएफए वाढतो, त्यामुळे टायट्रेशन आजच आणि त्याच बाटलीतून. 100 ग्रॅम तेलात 2 टक्के एफएफए (ओलेइक ॲसिड धरून) असेल तर निव्वळ न्यूट्रल करायला 0.284 ग्रॅम कॉस्टिक लागतं, वर थोडं एक्सेस, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं गडद रंगद्रव्य असतं आणि तो रंग काढायचा असतो. पण "अजून टाकू, अजून साफ होईल" हे चालत नाही, जास्तीचं कॉस्टिक चांगल्या तेलाचाच साबण करतं आणि मग यील्ड कुठे गेलं म्हणून मलाच विचारतात.

डिगमिंगला (तेलातला चिकट गम काढायला) फॉस्फॉरिक ॲसिड टाकलंय? त्याचं कॉस्टिक वेगळं धरा.

आता वॉशिंग. एका पोट्ट्याला संध्याकाळची बस पकडायची होती, त्याने सेपरेटिंग फनेलमध्ये गरम पाणी ओतलं आणि ताक घुसळावं तसं घुसळलं. झालं, अख्खा फनेल पांढरा, सकाळपर्यंत लेयर नाही, आणि वर म्हणतो सर असंच ब्लीचिंगला (मातीने रंग काढायला) घेऊ का? काहून बे एवढी घाई! शेवटी गरम मिठाचं पाणी घालून ओव्हनमध्ये 70 डिग्रीला ठेवलं तेव्हा दुपारी कुठे पाणी खाली बसलं. मी पहिलं वॉश मिठाच्या गरम पाण्यानेच देतो, फनेल नुसता हळू फिरवतो, हलवत नाही. पुढची वॉश डिस्टिल्ड पाण्याने, बोअरच्या पाण्याने नाही, त्यातल्या कॅल्शियमचा चिकट साबण तेलातच राहतो.

ब्लीचिंगच्या वेळी पुरेसा व्हॅक्युम मिळत नाही म्हणून मे महिन्यात पंपाला शिव्या देऊ नका. नागपूरच्या उन्हात गच्चीवरच्या टाकीचं पाणी 40 डिग्रीला गेलं की त्याचं स्वतःचंच व्हेपर प्रेशर 55 एमएम, मग नळावरचा ॲस्पिरेटर (पाण्याच्या धारेने हवा ओढणारा पंप) त्याच्या खाली जाणार कसा? मी बादलीत बर्फ टाकून तेच पाणी छोट्या पंपाने फिरवतो.

ब्लीचिंग झाल्यावर तेल गार होईपर्यंत व्हॅक्युम सोडू नका, गरम तेलाला हवा लागली की केलेलं सगळं वाया.

आणि वापरलेली ब्लीचिंग अर्थ, म्हणजे ती रंग काढणारी माती, कागदाच्या डस्टबिनमध्ये अजिबात नाही, जवसाच्या तेलाची तर नाहीच, ती आपोआप तापून पेट घेते. पाणी मारायचं आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.