फॉल सेमिस्टरला निघताय? कपड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

अमेरिकेत फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतं आणि बॅग भरताना घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो बर्फ. आत्याने विणलेला स्वेटर, काकांचं जुनं जर्किन, आईने तिबेटी स्वेटरवाल्यांकडून आठवणीने घेऊन ठेवलेल्या दोन कानटोप्या. २३ किलोच्या दोन बॅगांपैकी एक लोकरीनेच भरते. पोरगं उतरतं डॅलसला, ३६ अंशांत. पुढचे दोन महिने ती बॅग पलंगाखाली पडून असते आणि रोज घालायला चारच टी-शर्ट उरतात.

त्यामुळे आधी शहर बघा, मग बॅग भरा. बॉस्टनला ऑगस्टअखेर दुपारी २६-२७ अंश असतात, ऑक्टोबर सरताना १४-१५ आणि डिसेंबरात ५ च्या आसपास. रात्री पारा शून्याखाली जातो. डॅलस किंवा ॲरिझोनातल्या टेंपीला ऑक्टोबरातही अर्ध्या बाह्यांवर भागतं, तिथे गारठा असतो तो वर्गातल्या एसीचा. बफलोला मात्र नोव्हेंबरात बर्फ सुरू होतो. फोनवर तापमान फॅरनहाइटमध्ये दिसतं. त्याचा तोंडी हिशेब असा: ३० वजा करा आणि निम्मे करा. ७० म्हणजे साधारण २०, ५० म्हणजे १०. पुण्यातली डिसेंबरची पहाट म्हणजे ५० फॅरनहाइट, एवढं डोक्यात बसलं की सकाळी काय घालायचं याचा अंदाज चुकत नाही.

एकच जाडजूड जॅकेट

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बाहेर ५ अंश असतात, पण वर्ग, ग्रंथालय, बस सगळीकडे हीटर असतो. न्यूयॉर्क शहरात तर घरमालकांना कायद्याचंच बंधन आहे: १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सिअस ठेवावं लागतं. दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही ५ अंशांतून २० अंशांत जाता आणि परत बाहेर येता. आत जाड थर्मल आणि वर ढगळं जॅकेट असेल तर जॅकेट काढता येतं, थर्मल भर वर्गात काढता येत नाही. तासाभरात पाठ घामेजते, मग बाहेर पडल्यावर त्याच ओल्या पाठीवर वारं बसतं आणि हुडहुडी भरते. ‘एवढं जाड घालूनही थंडी वाजते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा घाम असतो.

यावर उपाय तीन थरांचा. अंगालगत पातळ, घाम शोषून बाहेर टाकणारा थर: पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो (मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या मऊ) लोकरीचा. त्यावर ऊब धरणारा थर: फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) किंवा स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या, बॉस्टन-न्यूयॉर्कसारख्या शहरासाठी पातळ थर दोन-तीन, मधले दोन आणि वरचं जॅकेट एक, एवढ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर निघतो. मधला थर शक्यतो पुढून चेनचा घ्या. डोक्यातून काढायचा स्वेटर भर वर्गात उतरवताना आतला शर्टही वर चढतो, चष्मा अडकतो आणि केसांतून चटचट ठिणग्या निघतात. (हीटरमुळे हवा कोरडी होते, त्यात नायलॉनच्या अस्तरावर लोकर घासली की हे होणारच.) मधला थर फार जाडही नको. जॅकेटच्या बगलेत त्याचा गोळा होत असेल तर हात वर जात नाहीत आणि खांदे फुगलेले दिसतात.

अंगालगत सुती बनियन घालणं ही सवय सुटायला वेळ लागतो. सुती कापड ओलावा धरून ठेवतं आणि गार पडतं. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, म्हणून ती महाग असते. बजेट नसेल तर खेळाचे पॉलिएस्टरचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट पुरतात. ते भारतात स्वस्त मिळतात, चार घेऊन जा.

वाऱ्याचा हिशेबही कुणी करत नाही. ३० फॅरनहाइटला ताशी २० मैल वारा असेल तर उघड्या त्वचेला १७ फॅरनहाइटसारखं लागतं, म्हणजे उणे ८ सेल्सिअस. विणलेल्या स्वेटरमधून वारं थेट आत शिरतं, कितीही जाड असला तरी. त्यावर कागदासारखं पातळ, वारा अडवणारं जॅकेट चढवलं की तोच स्वेटर दुप्पट उबदार लागतो. आणि नोव्हेंबरात घोटा उघडा टाकून आखूड मोजे घालण्याची फॅशन ज्याला करायची त्याने खुशाल करावी. बसस्टॉपवर वीस मिनिटं उभं राहिल्यावर ती आपोआप सुटते.

जाड कोट भारतातून नेऊ नका. इथल्या बाजारात मिळणारं जर्किन बहुतेकदा कुलू-मनालीच्या चार दिवसांच्या सहलीच्या बेताचं असतं. तिथे गेल्यावर पिसांचं जॅकेट बघत असाल तर लेबलवर ‘फिल पॉवर’चा, म्हणजे पिसं किती फुगतात याचा आकडा असतो. शहरात फिरायला ५५० ते ६५० पुष्कळ झाला. ८०० चं जॅकेट वजनाला हलकं असतं, पण पैसे त्या हलकेपणाचे जातात. पिसं भिजली की चिकटून बसतात आणि ऊब संपते. सिअ‍ॅटलसारख्या सतत पावसाळी शहरात म्हणूनच कृत्रिम भरणाचं जॅकेट बरं.

माप आणि ते टाके

अमेरिकेतला ‘एम’ आपल्या ‘एम’पेक्षा बहुधा मोठा निघतो, त्यामुळे ऑनलाइन मागवताना अक्षरावर जाऊ नका, छाती-कंबर इंचात मोजून घ्या. जीन्सवर डब्ल्यू ३२, एल ३० असं असतं: कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी. उंची साडेपाच फूट असेल तर एल ३० च्या आसपास बघा, नाहीतर खाली चुण्या पडतात. मुलींनी उंची ५ फूट ४ इंचांपर्यंत असेल तर ‘पेटीट’ विभाग आधी बघावा. तिथे फक्त लांबी कमी केलेली नसते, खांदा आणि बाहीही त्या बेताने कापलेली असते. बुटांचा आपला नंबर ब्रिटिश पद्धतीचा आहे. मुलांनी त्यात १ मिळवावा, मुलींनी २. इथला ८ तिथे ९, आणि मुलींचा ५ तिथे ७.

कोट घालून बघताना आत तोच स्वेटर घाला जो रोज घालणार आहात. बटणं लावा, दोन्ही हात पुढे करून सायकलचं हँडल धरल्यासारखं करा. पाठीत ताण आला तर एक माप वर जा. बाही मनगटाचं हाड झाकेल एवढी हवी.

आता एक बारीकशी गोष्ट, जी पन्नास पावलांवरून दिसते. नव्या लोकरी कोटाच्या मागच्या चिरेवर जाड दोऱ्याचा फुलीसारखा टाका असतो. वाहतुकीत कोट चुरगळू नये म्हणून घातलेला तो कच्चा टाका आहे, नक्षी नव्हे. तो न काढता कोट घातला तर बसताना चीर उघडत नाही, कापड ताणतं आणि मागे फुगा येतो. बाहीच्या टोकाला बाहेरून शिवलेलं कंपनीचं लेबलही काढायचंच असतं. खिसे शिवलेले असतील तर बोटाने चाचपून बघा, आत खराखुरा खिसा असला तर तेही उसवा. शिवणकामाची लहान कात्री घ्या, दोरा कापडापासून उचलून कापा, ओढू नका.

काळं, काळं आणि काळं

नोव्हेंबरपासून लोकांना तुमचा चेहरा आणि जॅकेट एवढंच दिसतं. तरी बहुतेकजण ‘मळत नाही’ म्हणून जॅकेट काळं, पँट काळी, बूट काळे, टोपीही काळी घेतात. गंमत म्हणजे काळ्यावर (बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या) मिठाचे पांढरे डाग आणि लोकरीचा धुरळा सगळ्यात आधी दिसतो. तिकडच्या पानगळीचे म्हणून जे रंग दुकानात लागतात ते आपल्याला परके नाहीत: विटकरी, शेवाळी, आमसुली, मोहरीचा पिवळा, काथ्याचा तपकिरी. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर हे खुलतात. फिकट बदामी किंवा मळकट करडा चेहऱ्याजवळ आला की मात्र माणूस आजारी दिसतो. मोठ्या, महागड्या वस्तू (कोट, बूट) गडद निळ्या किंवा तपकिरी घ्या आणि रंगाची हौस मफलर, टोपी, स्वेटरवर भागवा. आजीची एखादी शाल असेल तर ती जरूर न्या. दोन मीटर लांबीची शाल उभी दुमडून गळ्याभोवती घेतली की तिच्यापुढे दुकानातला मफलर फिका पडतो.

भारतातून न्यायच्याच तर अशा वस्तू न्या ज्या तिथे परवडत नाहीत. मापाने शिवलेला सूट ही त्यातली पहिली. करिअर फेअर, म्हणजे कंपन्यांचा नोकरभरतीचा मेळावा, बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरातच असतो, म्हणजे पोचल्यावर चार-पाच आठवड्यांत. गडद निळा सूट आणि दोन पांढरे-फिके निळे शर्ट शिंप्याकडून जुलैच्या मध्यापर्यंत हातात यायला हवेत, कारण एकदा तरी दुरुस्तीला परत द्यावे लागतात. त्या कोटाच्या आत एक इंच माया सोडायला सांगा. ज्यांच्याकडे सूट नाही त्यांनी विद्यापीठात ‘करिअर क्लोजेट’ आहे का विचारावं. पुष्कळ ठिकाणी मुलाखतीचे कपडे तिथे फुकट किंवा उसने मिळतात.

दिवाळीच्या कार्यक्रमाची साडी

कार्यक्रम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात, संध्याकाळी असतो आणि हॉल पार्किंगपासून लांब. साडीवर फुगीर आखूड जॅकेट घातलं की पदर कंबरेशी चुरगळतो आणि निऱ्या फुगतात. गुडघ्याखाली जाणारा लांब कोट हवा; स्वतःचा नसेल तर एका संध्याकाळीपुरता मैत्रिणीचा मागा. परकराऐवजी आतून फ्लीस लावलेल्या लेगिंग्ज घाला, निऱ्या खोचायला कंबरेवर नाडीचा पट्टा किंवा रुंद इलॅस्टिक बांधा. ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा पातळ स्वेटर इरकलीवर किंवा खणाच्या साडीवर खरोखर छान दिसतो. पैठणीवर तितका नाही, काठाची भरजरी नजाकत त्यात हरवते. साडी नेहमीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर नेसा, बूट घालून जा आणि कोल्हापुरी पिशवीत ठेवा. ओल्या फुटपाथवर कोल्हापुरी घातली तर कातडं पाणी पितं, तळ फुगतो आणि टाके सुटतात. मुलांनी झब्ब्यावर बंडी घालावी आणि झब्ब्याच्या आत पातळ थर्मल.

धुताना होणारं नुकसान

वसतिगृहात दोरी-चिमटे नसतात, ड्रायर असतो. इथले सुती कुर्ते त्यात पहिल्याच फेरीला आखडतात. बाही दोन बोटं वर जाते आणि गळा आवळतो. लेबलवर चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर चालेल, आत एक टिंब असेल तर कमी उष्णतेवर, आणि त्यावर फुली असेल तर मुळीच नाही. हातमागाचे आणि गडद रंगाचे कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे, गार पाण्यात धुवा. बांधणी तर कायमच वेगळी. घडी घालता येणारा कपडे वाळवायचा स्टँड पहिल्याच आठवड्यात घ्या, तो खोलीतली हवाही थोडी ओलसर ठेवतो. स्वेटर हँगरला लावू नका, खांद्यावर शिंगं येतात. टॉवेलवर पसरून वाळवा आणि घडी घालून ठेवा.

बर्फाच्या शहरांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते बुटावर वाळलं की पांढरी रेघ उमटते आणि कातडं तडकतं. त्याच संध्याकाळी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसा. बूट हीटरजवळ वाळवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. बूट घेताना अर्धा नंबर मोठे घ्या. जाड मोज्यांत बोटं आवळली की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

कधी आणि कुठे घ्यायचं

नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे. जाड कोट तेव्हा स्वस्त मिळतो, पण बफलो किंवा मिनिॲपोलिसला तोवर थांबलात तर महिनाभर कुडकुडाल. तिथे ऑक्टोबरातच गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बघा. टॅगवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो आणि तो राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटात बहुतेक कपड्यांवर तो नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यावर नाही. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला राज्याचा कर माफ आहे.

जुना कोट घेताना उजेडात धरून बगल, कॉलर आणि अस्तराच्या शिवणी बघा. कसरीची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि लोकरीच्या कोटात ती एक दिसली की आजूबाजूला आणखी असतात, तो सोडून द्या. शिवणीत काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय धरा आणि तोही परत ठेवा. घेतलेला कपडा बंद पिशवीतून थेट ड्रायरकडे न्या आणि जास्त उष्णतेवर ३० मिनिटं फिरवा. लोकरीला हे सोसत नाही, ती थेट ड्रायक्लीनला द्या. तोवर ती पिशवी खोलीत उघडू नका.