पेपर छापायला पैसे भरताय? आधी हे बघा

परवा एका विद्यार्थिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवली. ‘आंतरराष्ट्रीय, पीअर-रिव्ह्यूड, मल्टिडिसिप्लिनरी जर्नल. आज पेपर पाठवा, उद्या स्वीकारपत्र. फी १,५०० रुपये, ई-सर्टिफिकेट मोफत.’ (पीअर-रिव्ह्यूड म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांनी तपासलेलं.) खाली एकच ओळ: ‘मॅडम, भरू का?’ तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी, पीएच.डी.साठी पेपर, म्हणजे छापलेला शोधनिबंध, लागतोय का ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने ती आपल्या नियमांत ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पीएच.डी. विभागात जाऊन परिपत्रकच मागा. ‘सिनियर म्हणाला’ हा पुरावा नव्हे.

पूर्वी आम्ही जर्नल आयोगाच्या मान्य यादीत आहे का, एवढंच बघायचो. आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. मग पुणे विद्यापीठातल्या कक्षातून आयोगाची नवी, ‘केअर’ नावाची यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. मला त्याचं फारसं दुःख नाही. यादी होती तेव्हाही तिच्यातल्या चांगल्या जर्नलांच्या नावाने हुबेहूब खोट्या साइट उघडून पैसे उकळणारे होतेच.

आता पारख आपल्याच अंगावर आली आहे. आयएसएसएन क्रमांक बघून हुरळू नका. तो नुसता नोंदणीचा आठ अंकी क्रमांक. नंबरप्लेट बघून ड्रायव्हरला गाडी येते की नाही ते कळत नाही, तसंच. मात्र तो क्रमांक आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून बघा. कधीकधी भलत्याच जर्नलचा निघतो. ‘स्कोपस’ या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर ती सूची फुकट बघता येते. तिथे नाव सापडलं तरी नोंद पुढे बंद झालेली नाही ना, तेही बघा.

माझी खरी कसोटी वेगळीच आहे, आणि तिला एक दुपार लागते. जर्नलचा मागचा अंक उघडायचा आणि आपल्या विषयातला एक लेख शेवटपर्यंत वाचायचा. मी समाजशास्त्राची. असा एक अंक मी उघडला तर सोयाबीनवरची फवारणी, तुकोबांचे अभंग, जीएसटी आणि खो-खो खेळाडूंची फुफ्फुसक्षमता, सगळं एकाच मुखपृष्ठाखाली! हे सगळं तपासू शकणारा संपादक असेल तर त्याला माझा दंडवत. माझ्या विषयातल्या लेखात सर्वेक्षणाचं गाव कुठलं, माणसं किती, काहीच नव्हतं. निष्कर्ष मात्र अख्ख्या भारताला लागू.

मग संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या कॉलेजच्या साइटवरच्या पत्त्यावर ईमेल करा. जर्नलने दिलेल्या पत्त्यावर नको. मी एकदा केला होता. उत्तर आलं, ‘माझं नाव तिथे आहे हे तुमच्याकडूनच कळतंय.’

फी घेतात म्हणजे खोटंच, असंही नाही. खुल्या प्रवेशाची, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, कित्येक चांगली जर्नलं पैसे घेतात, पण लेख तपासून स्वीकारल्यावर. तपासायला महिनेच्या महिने जातात. परीक्षकांचे शेरे मागा. ते न दाखवता पैसे भरायचा क्यूआर कोड आला की समजून जा. आणि मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त किंवा मराठीत लिहायचं तर मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’मध्ये छापून येणं अवघड आहे, पण त्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २०१२ साली मीही दोन हजारांचा डीडी पाठवला होता. पुढे पदोन्नतीच्या मुलाखतीत तज्ज्ञांनी त्या लेखाची लिंक उघडायला सांगितली. जर्नल कधीच गाशा गुंडाळून गेलं होतं. त्या पत्त्यावर लग्नातले लेहेंगे विकायला होते. कोणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

विद्यार्थिनीने पैसे भरले नाहीत. तिचा पेपर सध्या माझ्या टेबलावर आहे. दुसऱ्या तक्त्यातल्या टक्केवारीची बेरीज ११२ होतेय; ते नीट करून आण म्हटलंय.