आयबीएस असताना ‘हाय फायबर’ पाकीट कसं निवडाल

पाकिटाच्या दर्शनी बाजूला ‘हाय फायबर’ असं ठळक छापलेलं असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या निकषानुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ६ ग्रॅम फायबर असलं की हा दावा करता येतो. ३ ग्रॅम असेल तर नुसतं ‘सोर्स ऑफ फायबर’ म्हणता येतं. ते सहा ग्रॅम कशाचे आहेत, हे पुढच्या बाजूला सहसा लिहिलेलं नसतं, आणि आयबीएसच्या (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्याचा दीर्घकाळचा त्रास) पोटाला फरक पडतो तो त्यानंच. तेव्हा आकड्यावर जाऊ नका. पाकीट उलटा आणि घटकांची यादी वाचा.

सगळ्यात आधी इन्युलिन शोधा. ते चिकोरी रूट फायबर, ऑलिगोफ्रुक्टोज, फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड किंवा एफओएस अशा नावांनीही येतं. नावं अनेक असली तरी जात एकच, फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या साखळ्या. ते पचवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागलं की ते झपाट्यानं आंबतं आणि गॅस होतो. गॅस इतरांनाही होतो. पण आयबीएसमध्ये आतडं जास्त संवेदनशील असल्यानं तेवढ्याच गॅसनं पोट टम्म फुगतं, कळ येते. उत्पादकांना मात्र इन्युलिन सोयीचं असतं: चवीला किंचित गोड, पाण्यात विरघळणारं, कमी फॅटच्या दह्याला दाटपणा देणारं. म्हणून दही, बार, प्रोटीन ड्रिंक यांत ते हमखास तपासा. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात. इन्युलिन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर पाकीट परत जागेवर ठेवून द्या.

बारवर ‘साखर नाही’ असंही लिहिलेलं असेल तर सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७) आहेत का पाहा. हे गोडीसाठी घातलेले शुगर अल्कोहोल (कंसात त्यांचे लेबलवरचे क्रमांक) आतड्यात पाणी ओढतात आणि आंबतातही. ज्यांना जुलाबाचा त्रास आहे त्यांनी इन्युलिन आणि हे एकत्र असलेला बार घेऊच नये.

गव्हाचा कोंडा घातलेली सिरियल्स ‘नैसर्गिक’ म्हणून पटकन उचलली जातात. पण कोंड्याचं फायबर बहुतांशी न विरघळणारं असतं. आयबीएसमध्ये त्याचा खास उपयोग दिसलेला नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीनं २०२१ मध्ये शिफारस केली ती विरघळणाऱ्या फायबरची.

मग घ्यायचं काय? यादीत सिलियम हस्क म्हणजे इसबगोल असेल तर पहिली पसंती त्याला. ते पाणी धरून जेल बनवतं आणि फार कमी आंबतं, त्यामुळे घट्ट मळ मऊ होतो आणि पातळ मळाला जरा बांधणी येते. ओट्सही बहुतेकांना सोसतात. पार्शली हायड्रोलाइज्ड ग्वार गम हळू आंबतं, तेही करून पाहण्यासारखं आहे.

नवा पदार्थ पोट शांत असलेल्या दिवसांत, एका वेळी एकच सुरू करा. लेबलवरच्या सर्व्हिंगच्या निम्म्यानं सुरुवात करून तीन दिवस तेवढंच ठेवा. सकाळी खाल्लेल्या बारचा गॅस दुपारी किंवा संध्याकाळीही होऊ शकतो. म्हणून दुखायच्या आधीच्या जेवणावर लगेच खापर फोडू नका. वहीत किती ग्रॅम, किती वाजता, पोट किती फुगलं आणि ब्रिस्टल तक्त्यातला मळाचा प्रकार (१ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे पाण्यासारखा पातळ) एवढं टिपा. सोसलं तर पूर्ण सर्व्हिंगवर जा, पण दिवसभराचं एकूण फायबर आठवड्याला २-३ ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका. सुरुवातीला थोडा गॅस चालतो. कळ वाढत गेली तर प्रमाण निम्मं करा, तरीही थांबली नाही तर तो पदार्थ बंद.

इथे चुकतं ते बेरजेत. सर्व्हिंग ३० ग्रॅमची लिहिलेली असते आणि वाटीत सहज ६० पडतात. शिवाय सकाळचं सिरियल, दुपारचं दही आणि संध्याकाळचा बार, तिन्हींत थोडं थोडं इन्युलिन असेल तर पोटाला ते एकत्रच पोचतं.

इसबगोलाची पूड वेगळी घेत असाल तर ती एक पेला (सुमारे २५० मिली) पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडी गिळली तर घशात फुगून अडकू शकते. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब असं काही असेल तर फायबरचे प्रयोग थांबवून आधी तपासणी करा. गहू बंद करायचा विचार असेल तर सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्तचाचणी त्याआधी करून घ्या. गहू सुटल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

महिनोन्‌महिने सोसलेलं पाकीट अचानक सोसेनासं झालं, तर यादी पुन्हा वाचा. ‘आता अधिक फायबर’ असं नवं लेबल लागलं असेल, तर बहुधा त्यात चिकोरी शिरलेली असते.