सायकलची चेन घरच्या घरी द्रावकाने कशी स्वच्छ करावी

पावसाळ्यात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत जाऊन आले, की चेनवर लाल मातीचा लेप बसतो. फडक्याने पुसल्यावर ती चकचकीत दिसते आणि काम झाले असे वाटते. पण चेन खरी झिजते ती आतून. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर असतो. या दोहोंमधल्या अरुंद फटीत तेलाबरोबर शिरलेली माती प्रत्येक पॅडलला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. ही फट धुऊन काढणे हेच द्रावकाचे, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाचे, काम आहे आणि पुढची सगळी कृती त्यासाठीच आहे.

दर आठवड्याला चेन धुण्याची गरज नसते. एरवी कोरड्या फडक्यात धरून पॅडल उलटे फिरवले तरी पुरते. पुसून तेल दिल्यावरही करकर थांबत नसेल किंवा कड्या वाकवताना बोटांना वाळूची कचकच जाणवत असेल, तरच द्रावक काढावे. नवी कोरी चेन तर मुळीच धुऊ नये, कारण कारखान्यात तिच्या आतपर्यंत भरलेले वंगण आपण घरी बाटलीने देतो त्या तेलापेक्षा जास्त टिकते.

द्रावक म्हणून रॉकेल उत्तम आहे, पण रेशनवर ते आता सहसा मिळत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन, म्हणजे ऑइल पेंट पातळ करण्यासाठी वापरतात ते, तितकेच चांगले काम करते. डिझेलही चालते, मात्र ते मागे तेलकट थर ठेवते, म्हणून नंतर साबणाने नीट धुवावे लागते. पेट्रोल कधीही वापरू नये. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या देवघरातील समईपर्यंत पोहोचू शकते. संडास साफ करण्याचे ॲसिड तर चेनच्या पोलादाला ठिसूळ करते. अशी चेन घाटात चढावर जोर लावताना तुटण्याचा धोका असतो.

काम अंगणात किंवा गच्चीवर करावे. जवळ गॅस, विडी-सिगारेट, उदबत्ती काही नसावे आणि हातात रबरी मोजे असावेत. द्रावकासाठी झाकणाचा जुना पत्र्याचा डबा घ्यावा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही भरू नये, कारण लहान मूल पाणी समजून ते तोंडाला लावू शकते. तसे घडलेच तर उलटी करवू नये, कारण उलटी होताना द्रावक फुप्फुसांत जाते आणि तेच जास्त घातक ठरते. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

चेन सायकलवर ठेवून द्रावक ओतल्यास ते मागच्या दातेरी चाकातील फ्रीव्हीलमध्ये उतरते आणि तिथले ग्रीस धुऊन नेते. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर आणि पॅडवर उडून ब्रेकही निकामी करते. म्हणून चेन काढूनच घ्यावी. साध्या सायकलच्या चेनलॉकवरची, म्हणजे चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीवरची, यू आकाराची क्लिप पकडीने सरकवली की चेन सुटते. गिअरच्या सायकलच्या जोडकडीसाठी वेगळी पक्कड मिळते. काही कंपन्या अशी जोडकडी एकदाच वापरायला सांगतात, तेव्हा नवी जवळ असू द्यावी.

आता धुणे. सारे द्रावक एकदम ओतण्यापेक्षा तेवढेच तीन वेळा थोडे थोडे वापरल्यास चेन कितीतरी स्वच्छ निघते. डब्यात चेन बुडेल इतके द्रावक घालून १० ते १५ मिनिटे भिजू द्यावे, झाकण घट्ट लावून डबा हलवावा आणि चेन बाहेर काढून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी, रोलर फिरवत, घासावी. पहिले द्रावक शाईसारखे काळे होते आणि डबा तिरका केला की तळाशी बारीक रेती सरकताना दिसते. ते बाजूला ओतून दुसरे ताजे घ्यावे, मग तिसरे. शेवटच्या द्रावकात तळाशी रेती दिसेनाशी झाली, की आतली माती निघाली असे समजावे.

त्यानंतर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चेन खळबळून साध्या पाण्याने धुवावी आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून उन्हात लटकवावी. तेल नसलेल्या पोलादावर गंज चढायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे पावसाळी हवेत हे काम पुढे ढकलावे. द्रावकाने ओली चेन शेगडीवर वाळवण्याचा विचारही करू नये.

चेन वाळली की स्टीलच्या पट्टीने झीज मोजावी. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरायला हवेत. गिअरच्या सायकलला हे अंतर एक इंचाचा सोळावा भाग वाढले तर चेन बदलावी, नाहीतर ती महागड्या दातेरी चाकांनाही खाते. साध्या सायकलला आठव्या भागापर्यंत चालून जाते.

चेन बसवताना चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूने पाहता पुढे, ठेवावे. मग पॅडल सावकाश उलटे फिरवत खालच्या पट्ट्याच्या आतील बाजूने प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा. उन्हाळ्यात शिवणयंत्राचे पातळ तेल पुरते. पावसाळ्यात ते वाहून जाते, तेव्हा सायकलच्या दुकानातले ओल्या हवेसाठीचे चेन ऑइल घ्यावे. गॅरेजमधले काळे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे; त्यात इंजिनाच्या झिजेचा धातूचा कीस असतो, म्हणजे धुऊन काढलेली रेती दुसऱ्या रूपाने आपणच परत भरतो. कृपया ते टाळावे.

तेल आत मुरेपर्यंत काळ्या द्रावकाची व्यवस्था लावावी. ते मोरीत किंवा गटारात ओतल्यास ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते. डबा दोन-चार दिवस झाकून न हलवता ठेवावा. गाळ खाली बसला की वरचे निवळलेले द्रावक दुसऱ्या डब्यात काढून, त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून, पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्यासाठी ठेवता येते. उरलेला गाळ लाकडाच्या भुशात जिरवावा आणि तो जाळू नये.

तासाभराने चेनचा बाहेरचा भाग कोरड्या फडक्याने नेटाने पुसावा. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. पहिल्या फेरीनंतर आतले जास्तीचे तेल पुन्हा बाहेर येते, तेव्हा आणखी एकदा पुसून घ्यावे.