'काळ'कर्ते परांजपे अभ्यासायला घेताय? आधी तारीख बघा

एम.ए. किंवा पीएच.डी.साठी शिवराम महादेव परांजपे घेतले असतील, तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. निवडक निबंधांच्या पुस्तकावर भागवाल तर प्रबंध उभा राहणार नाही.

चरित्र सोपं आहे. महाडला १८६४ साली जन्म, पुण्यात १८९८ साली 'काळ' साप्ताहिक, १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा, १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि त्याच वर्षी मृत्यू. एका दुपारीत टिपणं होतात.

खरी अडचण वक्रोक्तीची, म्हणजे आडून, उलट अर्थाने बोलण्याची. टिळकांना १८९७ साली शिक्षा झाली, पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाच्या १२४अ कलमाची व्याप्ती वाढवली, आणि 'काळ' निघाला तो त्याच वर्षी. सरळ लिहिलं की तुरुंग. म्हणून परांजपे पुराणातून बोलतात, इतिहासातून बोलतात, सरकारची स्तुती करता करता तिचा अर्थ उलटा फिरवतात. त्या आठवड्यात काय घडलं होतं हे वाचकाला ठाऊक असायचं, तुम्हाला नसतं. तारखेपासून तोडलेला परिच्छेद वाचला की स्तुती खरीच वाटते. त्या सुट्या परिच्छेदांशी मी इतकी झगडले आहे की आजही तारीख नसलेलं टिपण दिसलं की जीव घाबरतो.

म्हणून प्रत्येक लेखाची तारीख लिहा आणि शेजारी त्या पंधरवड्याचा 'केसरी' ठेवा. सुरुवात १९०८पासून करा. ३० एप्रिलला क्रांतिकारकांनी टाकलेला मुझफ्फरपूरचा बॉम्ब, १२ मेला 'केसरी'त त्यावरचा लेख 'देशाचे दुर्दैव', जुलैत मुंबई हायकोर्टात दोघांनाही शिक्षा: परांजप्यांना १९ महिने, टिळकांना ६ वर्षं. खटल्याचे कागद वाचताना मूळ मराठी लेख समोर हवाच. सरकारी भाषांतरावर टिळकांनी कोर्टातच हरकत घेतली होती. तो भाषांतरकारही एक वाचकच होता, फक्त त्याच्या वाचनावर माणूस तुरुंगात जात होता.

उलट बाजूनेही सावध राहा. वक्रोक्ती कळू लागली की ती जिथे तिथे दिसते. मग परांजप्यांचं न पटणारं मतही 'ते उपरोधाने म्हणाले' असं सांगून झाकलं जातं. हे करू नका. जे त्यांनी सरळ लिहिलं, ते सरळच मांडा, आवडो न आवडो. गौरवग्रंथांचा इथे काही उपयोग नाही. आणि एकही अंक उघडण्याआधी सिद्धान्त हातात देणारे मार्गदर्शक तर त्याहून घातक, असं माझं ठाम मत आहे.

भाषेला मात्र घाबरू नका. लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्यं सुरुवातीला दमवतात. मोठ्याने वाचा, सलग वाचा. व्याख्यानाची लय सापडली की वाक्य कुठे वळणार हे आधीच कळायला लागतं. तोवर प्रस्तावना लिहायला घेऊ नका.