क्रूझवरून पेनांगला उतरताय? या चुका टाळा

आपल्या जळगाव-धुळ्याकडचे बरेच लोक आता सिंगापूरहून क्रूझ करायला लागलेत, मलेशियाचं पेनांग, थायलंडचं फुकेट वगैरे. बंदरावर उतरून फिरायला मिळतात मोजके तास आणि ते हातातून कसे निसटतात ते आम्ही भोगलंय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. मलेशियाचा टाइम आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आमच्या आप्पांनी हातातलं चावीचं एचएमटी बदललंच नव्हतं, पेनांगच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर पोटभर जेवून निवांत कापडाची दुकानं बघत होते, कारण त्यांच्या घड्याळात दीडच वाजलेला, खरे वाजले होते चार, आणि जहाजावर परत चढायची शेवटची वेळ साडेचार! आप्पांचे गुडघे दुखतात, त्या उकाड्यात त्यांना हाताला धरून ओढत जेट्टीवर आणलं, जहाजाचं कार्ड स्कॅन केलं तेव्हा माझे हात थरथरत होते. फुकेटला तर तिथली वेळ पेनांगपेक्षा एक तास मागे, पण तुम्हाला चालायचं असतं जहाजाच्या वेळेवर. म्हणून उतरायच्या आधी सगळ्यांची घड्याळं जहाजाच्या वेळेला लावा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. आणि जहाज सुटायची वेळ वेगळी, चढायची शेवटची वेळ त्याच्या आधीची असते, ती लक्षात ठेवा.

दुसरं, पेनांग हिल. ८३३ मीटर उंच, १९२३ पासूनची फ्युनिक्युलर (दोराने चढावर ओढली जाणारी) रेल्वे, बघायचा मोह होतोच. पण जाताना लाइन आणि उतरताना परत लाइन, त्यामुळे जायचं तर जहाजातून उतरल्या उतरल्या, दुपारी अजिबात नाही. वेळ कमी असेल तर जॉर्ज टाउन, म्हणजे पेनांगचं जुनं शहर, पायी फिरा, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ते. जेट्टीपासून जवळच कॉर्नवॉलिस किल्ला आणि राणी व्हिक्टोरियाचा ६० फुटी घड्याळाचा मनोरा आहे, तिच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून, एकेका वर्षाला एक फूट.

आपण ४५ डिग्री सोसणारी माणसं, तिथलं ३२-३३ काय वाटणार, असं म्हणू नका हं. आपलं ऊन कोरडं, तिथे घाम वाळतच नाही. पाण्याची बाटली आणि टोपी पाहिजेच.

मोबाइल जहाजावर असेपर्यंत एअरप्लेन मोडवरच ठेवा, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. बफेतली केळी-सफरचंदं पर्समध्ये टाकून खाली नेऊ नका, फळं बाहेर न्यायला बंदी असते. आम्ही केळीच्या मुलखातले, सवयीने घेतलीच होती, दारातच काढून ठेवायला लावली.

सिंगापूरला परत यायचं असतं म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते घरूनच बघून घ्या.

आणि समजा चुकलंच जहाज, तर रूममध्ये रोज जो प्रोग्रामचा कागद येतो त्यावर बहुतेक वेळा पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावर जहाज कंपनीचं काम बघणाऱ्याचा नंबर असतो. नसला तर रिसेप्शनवर विचारा आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, आप्पांच्या खिशात तर मी चिठ्ठीच लिहून ठेवते आता.